आइस्क्रीमच्या कारखान्यातलं साप्ताहिक

कारणे दाखवा नोटीस मला सगळ्या नोकरीत एकदाच मिळाली. तिच्यात लिहिलं होतं, की आपण जयसिंगपूर येथील आइस्क्रीमच्या कारखान्यात जुनी वर्तमानपत्रे ठेवून विद्यापीठाची प्रतिमा मलीन केली आहे, तरी आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये. नोटीस खरी होती. ठेवली होती वर्तमानपत्रं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा फोनवर बजावलं होतं, "मॅडम, जरा गोड लिहा हं." आता आइस्क्रीमपेक्षा गोड मी काय आणू?

कोल्हापुरात विद्यापीठ आता एकच राहिलेलं नाही, तेव्हा माझं कुठलं ते विचारू नका. मी तिथं ग्रंथालयात होते, पण पुस्तकांच्या मजल्यावर नव्हे. तळमजल्याला जुन्या कागदांचा विभाग, तो माझा. बाहेर पाटी 'अभिलेख कक्ष' अशी होती, तरी शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्याला रद्दीखाना म्हणायचे. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण मी तिथल्या तिथं ऐकवायची.

बाहेरच्यांना हे काम कळावं म्हणून सोपं करून सांगते. वरच्या मजल्यावरचं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत बाजारात मिळते. माझ्याकडचा कागद गेला की गेला. जुन्या घराण्यांची दप्तरं, बंद पडलेल्या संस्थांची इतिवृत्तं, नाटकांची हँडबिलं, गावोगावची छोटी वर्तमानपत्रं, असलं सगळं आम्ही मिळवायचं, साफ करायचं, वाळवीपासून वाचवायचं आणि मागेल त्याला दाखवायचं. दाखवायचं, द्यायचं नाही. नोकरी होती ती एवढीच, पण भांडणं सगळी या दोन शब्दांवरच झाली.

एकदा पन्हाळ्याकडचे एक पाहुणे आले. पांढरेधोट कपडे, बोटात अंगठ्या, बरोबर पेढ्यांचा बॉक्स. त्यांचे आजोबा नामांकित पैलवान. गावात पुतळा बसायचा होता आणि चौथऱ्यावर कोरायचं होतं, 'आयुष्यात पाठ न लागलेला मल्ल'. आणि आमच्याकडच्या एका जुन्या वर्तमानपत्रात सरळ छापलेलं, की अमुक मैदानात आजोबा चितपट झाले.

"तेवढं एक पान काढून द्या की मॅडम," ते म्हणाले. "एक पान गेल्यानं तुमचं काय जातंय?"

"पान निघणार नाही."

"आमचं आजोबा पडलंच न्हाईत वो! पेपरवाला इरोधी पार्टीचा हुता."

"मग तसं लिहून आणा, सही करा. ते पण शेजारी ठेवून घेते. पुढं वाचणारा ठरवील कोण पडलं ते."

पेढे घेऊन गेले परत. पुतळा बसला, तसंच कोरलं गेलं. आमच्या कक्षात पानही आहे तसंच आहे. आजोबांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, पडतो माणूस, त्यात काय! पण पान फाडायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वाळवीपेक्षा मला एका समितीची जास्त धास्ती असायची. निर्लेखन समिती. जी वस्तू वापरायच्या लायकीची राहिली नाही ती नोंदीतून कायमची काढून टाकायची, याला आमच्याकडं निर्लेखन म्हणतात. खुर्च्या, पंखे, फाटकी पुस्तकं, सगळं एकाच सभेत, चहाबिस्किटाबरोबर. ज्याच्या ताब्यात वस्तू असते त्यानं सही करायची असते, 'उपयोगाची राहिली नाही' म्हणून. खुर्च्यांच्या कागदावर मी डोळे झाकून सही केली. माझ्या विभागातल्या कागदांसाठी कधीच नाही. समितीचे लोक मला आडमुठी म्हणत. होतेच मी.

आता बाबालालचाचांकडं येते.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला एक गाव आहे. तिथं पूर्वी एक गुरुजी साप्ताहिक चालवायचे. चार पानी, एका खोलीत छापलेलं. बाबालालचाचा त्याच छापखान्यात पोरवयात लागले आणि अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं शिकले. गुरुजी वारले, साप्ताहिक बंद पडलं, छापखान्याचं लोखंड विकलं गेलं. चाचांनी मात्र पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत एकेका वर्षाचा खंड स्वतःच्या हातानं बांधला आणि घराच्या ओसरीवर वाचनालय काढलं. दुसरा संपूर्ण संच कुठंही नाही. मुंबईत नाही, पुण्यात नाही, गुरुजींच्या मुलाकडंही नाही. त्यात काय होतं म्हणाल तर सगळं होतं. कुणाचा बैल हरवला, कुणाच्या पोरीला शाळेत पहिला नंबर मिळाला, पाणीपुरवठा संस्थेच्या सभेत कुणी कुणाची कॉलर धरली, नदीला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं. ज्या माणसांचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, ती सगळी माणसं तिथं होती.

तो संच आमच्या कक्षात यावा म्हणून मी वर्षानुवर्षं त्या गावाला खेटे घातले. कोल्हापुरातून जयसिंगपूर, तिथून दुसरी एसटी. चाचा प्रेमानं बसवायचे, बीबीचाची चहा आणायच्या, आणि उत्तर ठरलेलं असायचं.

"तुमच्याकडं दिलं की कपाट. कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली सायबाकडं. सायेब रजेवर. हितं ओसरीवर कोन बी येतंय, आपल्या आज्ज्याचं नाव हुडकतंय, हसतंय. ऱ्हाऊ दे की हितंच."

"चाचा, हितं वाळवी हाय, पानी हाय."

"वाळवीला मी हाय. पान्याचं आल्ला बगंल."

मी चिडून परत यायची. खरं सांगते, मला तो संच हवाच होता. आमच्या कामात ही भूक असते, ती नसली तर कामच होत नाही. पण चाचांचं म्हणणं खोटं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. आमच्या कुलपाची किल्ली साहेबांकडंच असायची.

मग तो मोठा पूर आला. शिरोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली. रस्ते बंद, फोन बंद. पाणी उतरायला लागलं तसा एके सकाळी चाचांचा फोन आला. आवाज त्यांचा वाटेना. "मॅडम, समदं भिजलं वो," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी पदर खोचला, रजेचा अर्ज टेबलावर टाकला आणि निघाले.

गावात पोचले तर गल्लीभर चिखल, वास, आणि प्रत्येक घरासमोर भिजलेला संसार. चाचांच्या स्लॅबवर मात्र मी जे बघितलं त्यानं माझा जीवच गेला. जरा ऊन पडलं होतं, आणि अख्खी गल्ली चाचांच्या मदतीला धावली होती. उन्हाळ्यात कुरडया घालतात तसे खंड ओळीनं उन्हात मांडलेले. दोन बायका ओल्या पानांच्या कडा नखानं सोडवत होत्या. पान सुटत होतं, अर्धं हातात आणि अर्धं खाली. शेजारच्या शांतावहिनी कोळशाची इस्त्री घेऊन जिना चढत होत्या.

"मी इस्त्री तापवून आनलोय बगा," त्या म्हणाल्या. "येकेक पान कडक करून देतो."

"थांबा!" मी अशी ओरडले की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. "कुणी हात लावायचा न्हाय! समदं सावलीत घ्या! आदी ती इस्त्री खाली न्या!"

बिचाऱ्या. चूक त्यांची नव्हती. त्या भागातल्या बाईला भिजलेली वस्तू दिसली की ती उन्हातच घालणार. धान्य घालते, गादी घालते, तर कागद का नको? पण कागदाचं तसं नसतं. चिखलात भिजलेलं वर्तमानपत्र उन्हात वाळलं की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. सावलीत ठेवलं तर पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उघडायला गेलं तर फाटतं. मग करायचं काय? एकच उपाय आहे, आणि तो मी सांगितला तेव्हा स्लॅबवरच्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुरात बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून. कागद गोठवायचा. बर्फ झाला की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, कुजणं थांबतं. मग हिवाळ्यात कोरडी हवा सुटली की एकेक खंड बाहेर काढून सवडीनं वाळवायचा. जगभर असंच करतात. मी प्रशिक्षणात शिकले होते, केलं कधीच नव्हतं.

साहेबांना फोन लावला. आमच्या कक्षाचा कारभार ज्यांच्याकडं होता ते हे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही गोष्टीत आपली सही अडकू नये एवढी एकच काळजी करणारा. म्हणाले, "ते आपल्या मालकीचं आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही तिथं काय करताय? आणि असतं तरी भिजलेल्या मालाचं निर्लेखनच करावं लागलं असतं. या परत."

मी फोन ठेवला. चाचा भिंतीला टेकून बसले होते, एक खंड मांडीवर घेऊन. तेव्हा मला कळलं की हा माणूस आत्ता मी काहीही मागितलं तरी देईल. आणि त्याच क्षणी मला काहीही मागायचं नव्हतं, फक्त ते खंड वाचवायचे होते.

जयसिंगपूरला आइस्क्रीम बनवणारे एक महावीरअण्णा होते, हे मला गल्लीतल्याच कुणीतरी सांगितलं. उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मिळाली. बंद खंड तसेच न उघडता स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून चिखल धुतला, भाजीच्या क्रेटमध्ये रचले, वर ताडपत्री, आणि चाचा आणि मी ट्रॉलीत. चिखलात दोनदा ट्रॅक्टर रुतला, गावच्या माणसांनी ढकलला. मगाशी इस्त्री घेऊन आलेल्या शांतावहिनी ढकलणाऱ्यांत सगळ्यात पुढं होत्या.

महावीरअण्णांनी दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग क्रेटकडं पाहिलं, मग माझ्या चिखलानं भरलेल्या साडीकडं.

"बाई, मी आइस्क्रीम करतो. लोकं खातात ते."

"माहीत आहे."

"ह्यात पुराचं पाणी."

"धुतलंय. प्लॅस्टिकमध्ये बांधून देते. तुमच्या मालाला लागणार नाही."

"माल कुठला आलाय आता! लाईट गेली तेव्हा समदा वितळून गटारात गेला. सीझनबी न्हाय. लाईट आता आलीया, पन मागची खोली रिकामीच पडलीय." मग चाचांकडं वळून म्हणाले, "त्या साप्ताहिकात माझ्या वडलांच्या दुकानाची जाहिरात यायची. तुम्हीच जुळवत होतासा न्हवं? दर खेपेला दुकानाचं नाव चुकवायचासा."

"येकदाच चुकलं हुतं," चाचा उसळले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला.

अण्णांनी स्वतःचा बटर पेपर दिला, खंडांच्या मध्ये घालायला. संध्याकाळपर्यंत सगळं साप्ताहिक मागच्या शीतखोलीत गेलं. दार लावल्यावर मी तिथंच पायरीवर बसले आणि अण्णांनी दिलेला चहा प्याले. एवढा चांगला चहा मी आयुष्यात प्यालेली नाही.

कुणीतरी फोटो काढला, स्थानिक पेपरात आला, 'बातम्या गारेगार' असल्या मथळ्याखाली. झालं! नोटीस आली. मुख्यालय का सोडलं, परवानगी का घेतली नाही, 'सदर कागदांशी विद्यापीठाचा कोणताही संबंध नसताना' उठाठेव का केली. निवृत्ती जवळ आलेली. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे मला दहा जणांनी येऊन सांगितलं, काळजीनं आणि काहींनी मजेनं. माफी लिहून द्या, मिटवून टाकू, असं साहेब स्वतः म्हणाले. मी लिहून दिलं, की कागद वाचवणे या कामासाठीच मला पगार मिळतो, आणि मी तेच केले, त्याबद्दल दिलगिरी वाटत नाही. आमचे हे वाचून म्हणाले, "शेवटचं वाक्य काढ." मी काढलं नाही.

हिवाळा आला. अण्णांच्या कारखान्यातून थोडे थोडे खंड आमच्या कक्षात यायला लागले. कागदोपत्री ते तिथं नव्हतेच, पण माझ्या खोलीत कोण बघायला येतंय? चाचा रोज शिरोळकडून एसटीनं यायचे. आम्ही दोघं पंखा मंद लावून, पानापानांत शोषकागद घालून बसायचो. भांडायचो पण सडकून. त्यांना सगळं कणकेच्या चिकीनं चिकटवायची घाई, मला चिकीची भीती, कारण तिच्यावर किडा येतो. "तुमी शिकवू नगा मला बांदनी," ते म्हणायचे. "तुम्ही शिकवू नका मला किडा," मी म्हणायची. काही पानं गेलीच. त्यांना हळहळत आम्ही पुढं सरकायचो. पण साप्ताहिक वाचलं. जरा वाकडं, डागाळलेलं, नदीचा वास असलेलं, पण वाचता येईल असं.

आणि मग साहेब खाली आले. विद्यापीठाला दर्जा देणारी मूल्यांकन समिती यायची होती. काचेचं कपाट करायचं, त्यात हे खंड मांडायचे, वर पाटी, 'महापुरातून वाचवलेला विद्यापीठाचा ठेवा'. मला म्हणाले, "शिक्का मारून आजच नोंदीत घ्या. तुमची नोटीस पण मग बघता येईल."

"साहेब, विद्यापीठाचा या कागदांशी कोणताही संबंध नाही, असं तुम्हीच लेखी दिलंय."

"ते तेव्हाचं झालं. आता तुम्हालाच तर इतकी वर्षं हे हवं होतं!"

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हवंच होतं. रात्री जेवण गेलं नाही. गावात परत नेलं तर पुन्हा पूर येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं सगळं शिक्षण मला सांगत होतं की शिक्का मार. दुसऱ्या दिवशी चाचांना मी सगळं स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही सांगा. इथं ठेवायचं?"

चाचा चिडले नाहीत. हातातला शोषकागद सरळ करत म्हणाले, "मॅडम, पूर आला की आमी आमची जनावरं वरच्या गावात न्हेतो. तिथली लोकं आपल्या गोठ्यात बांदून घेत्यात, पदरची वैरन घालत्यात, दूद बी आमालाच काडून देत्यात. पानी उतरलं की आमी जातो आन् दावं सोडून आनतो. आजपत्तोर कुनी आमच्या म्हशीवर आपला शिक्का मारला न्हाय."

मी शिक्का खणात टाकून दिला.

"फोटो घ्या की समद्याचं," तेच पुढं म्हणाले. "फोटोला कोन नगं म्हंतंय?"

प्रत्येक पानाचा फोटो विद्यापीठात ठेवला, ज्याला हवा त्याला तो बघता येतो. मूळ खंड मी परत पाठवले. साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "पुढच्या पुरात वाहून गेलं तर जबाबदार कोण?" मी म्हणाले, "मी. लिहून घ्या." लिहून घेतलं त्यांनी. काचेचं कपाट रिकामं राहिलं, त्यात मग बक्षिसांच्या ढाली ठेवल्या. माझ्या सेवापुस्तकात सक्त ताकीद लागली आणि पेन्शन बरीच रखडली. ती ताकीद मी कुणाकडं जाऊन खोडून घेतली नाही. नोकरीत बढत्या मिळाल्या, सत्कार झाले, ते सगळं मी विसरले. ताकीद मात्र मी स्वतः कमावलेली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

चाचांनी ओसरीवरचं वाचनालय माडीवर नेलं. पण कृष्णेचं पाणी माडीलाही सोडत नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. निवृत्त झाल्यावर प्रत्येक पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी लागली की मी चाचांना फोन लावायची. लोक मला म्हणायचे, केलंस ना हट्टानं, आता भोग. मी उलट उत्तर द्यायची, पण धास्ती जात नव्हती.

मागच्या पावसाळ्यात नदीनं इशारा पातळी गाठली त्या सकाळी आमच्या दारात ट्रॅक्टर थांबला. वर ताडपत्री घट्ट बांधलेली आणि तिच्यावर छत्री धरून चाचा बसलेले. गावात अजून पाण्याचा थेंब शिरला नव्हता.

"विद्यापीठात न्हेलो न्हाय," खाली उतरत ते म्हणाले. "तुमच्याकडं आनलोय. तुमचं घर उंचावर हाय."

इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या ओसरीवरून रिकाम्या हातानं परतले, तो आपण होऊन माझ्या दारात उभा होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून खंड वर चढवले. दिवाणावर, टेबलावर, आमच्या ह्यांच्या आरामखुर्चीवर, सगळीकडं साप्ताहिक. चाचा म्हणाले, "मोजून घ्या. पावती देतासा न्हवं?" मी म्हणाले, "पावती कसली मागताय चाचा, बसा, चहा टाकते."

सून ऑफिसला निघाली होती. पाय ठेवायला जागा नाही हे बघून ती दारातच थांबली.

"आई, हे सगळं आता आपल्याकडंच राहणार का?"

"नाही गं," मी म्हणाले. "पाणी उतरेपर्यंत."